धुऊन घेतलेलं कापड

मर्ल हॉजेट्सच्या घरचे डबे कधी रिकामे राहिले नाहीत. स्वयंपाकघरातल्या फळीवर ते ओळीनं उभे असत, पत्र्याचे, झाकणांवरची फुलं घासून पुसट झालेली. एकात ओटची बिस्किटं, एकात मधोमध जॅमचा लाल ठिपका असलेली, मोठ्यात आल्याचा केक, आणि खालच्या चौकोनी डब्यात शाळेत न्यायचे चीज घालून गुंडाळलेले छोटे पाव. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यामागच्या त्या टेकडीवर बाईची पारख तिच्या डब्यांवरून व्हायची. कोण कधी मागचं दार ढकलून आत येईल याचा नेम नसे, आणि आलेल्या माणसापुढे दुकानातलं पाकीट फोडणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापून घेणं. मर्लची सासू शेवटच्या दुखण्यात कुणाशी बोलेनाशी झाली होती. मग एकदा डोळे उघडून तिनं विचारलं ते एवढंच, की डबे भरलेत का.

"मयताला माणसं येणार होती ना," हे सांगताना मर्लचा नवरा लेस हटकून म्हणायचा. "म्हातारीला लोकांच्या पोटाची काळजी नव्हती. नावाची होती."

मर्ल हसायची नाही. तिला सासूचं बरोबर वाटायचं.

तिचं सगळं आयुष्य त्या लाल मातीत, एका हाकेच्या अंतरात गेलं. बटाट्याच्या शेतात जन्मली आणि लग्न करून बटाट्याच्याच शेतात आली. बाप लाकूडतोडीला जायचा. ती सहा वर्षांची असताना एक झाड नको त्या बाजूला पडलं. बाप घरी आला नाही. त्याच्या विजारी तेवढ्या खुंटीवर राहिल्या. आईनं बरेच दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही. मग एका रविवारी त्या उकळत्या पाण्यात घातल्या, वाळवल्या, कात्रीनं कापल्या, आणि पिठाच्या रिकाम्या पोत्यांचं अस्तर लावून त्यांची गोधडी शिवली. असल्या गोधड्या तेव्हा घरोघरी असत, वॅगा म्हणत त्यांना. मर्ल लग्न होईपर्यंत त्या वॅगाखाली झोपली. करड्या रेघांचे तुकडे चर्चला जायच्या विजारीचे, तपकिरी खरखरीत ते कामावरच्या. बापाचा चेहरा ती पुढे विसरून गेली, पण डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी तिला सांगता यायचं, हा त्याचा गुडघा, हा खिसा.

तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. माणूस जातो. त्याचे कपडे खुंटीवर ठेवले तर कसर खाते. कापून शिवले तर टिकतात, आणि त्यांच्याबरोबर माणूसही थोडा टिकतो.

लेसला आणि तिला मूल झालं नाही. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले, आणि पुढे लोकांनी विचारणं सोडून दिलं. पन्नाशी उलटल्यावर ती आसऱ्याची मुलं ठेवायला लागली. ज्या घरांत काही बिनसलं त्या घरांतून उचलून आणलेली मुलं. कुणी एका रात्रीपुरतं, कुणी पंधरवडाभर, कुणी शाळेच्या एखाद्या सत्रापुरतं. त्यांचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून येत. ते मर्लला बघवायचं नाही. म्हणून प्रत्येकासाठी ती एक छोटी गोधडी शिवायची, हनुवटीपासून पायापर्यंत पुरेल एवढी, त्या पोराच्याच तोकड्या झालेल्या कपड्यांचे चार तुकडे मधे घालून. जाताना पोर ती काखोटीला मारून जायचं. गोधडी पुरी होईपर्यंत ज्याच्यासाठी करतोय त्याला कळू द्यायचं नाही, हा इथल्या बायकांचा रिवाज. आधी विचारून दिली तर ती भेट कसली?

मिकेला आली ती जूनमध्ये, तिथल्या ऐन हिवाळ्यात, शेतांवर सकाळी पांढरं दहिवर साचतं त्या दिवसांत. सरकारी ऑफिसातली ब्रूक नावाची तरुण मुलगी तिला गाडीतून घेऊन आली.

"सात वर्षांची आहे," ब्रूक दारात हळूच म्हणाली. "ईस्टरच्या सुमाराला आई गेली तिची. बाप कोण ते माहीत नाही. दोन घरं झाली, टिकली नाही. काही खात नाही, मर्ल."

"खाईल," मर्ल म्हणाली.

पोरीच्या अंगात मोठ्या माणसाचा शर्ट होता, लाल-काळ्या चौकड्यांचा, जाड, आतून मऊ. बाह्या चार-चार घड्या घालून दुमडलेल्या, तरी हात बुडालेले. आईचा. सिगारेटचा, तळणाचा आणि कसल्याशा स्वस्त गोड अत्तराचा वास पोरीच्या आधी घरात शिरला.

"मशीनला टाकूया का हा, राणी? सकाळपर्यंत शेगडीपाशी वाळेल."

"नको."

"बरं."

"कधीच नको."

"बरं बाई, कधीच नको. शर्ट तुझा, मर्जी तुझी."

मर्लनं ते ऐकलं आणि मनात एका बाजूला ठेवून दिलं. पहिल्या दिवशी सगळीच मुलं सगळ्यालाच नको म्हणतात.

शाळेचा डबा भरलेला जायचा आणि भरलेला यायचा. मर्लनं एका शब्दानं विचारलं नाही. उशीच्या अभ्र्यात फळीवरच्या बिस्किटांचा चुरा सापडायला लागला तेव्हा तिला बरं वाटलं. लपवतंय म्हणजे पोर उद्याचा विचार करतंय. अभ्रा झटकून तिनं पुन्हा उशीला घातला आणि दुसऱ्या दिवशी डब्यात एक बिस्कीट जास्त ठेवलं. मग एकदा जॅमची बिस्किटं संपलेली आली. मग चीजचा पाव अर्धा. मग एका संध्याकाळी मिकेलानं रिकामा डबा ओट्यावर आपटला आणि म्हणाली, "उद्या जॅमवाली चार."

"चार?" लेस पेपरामागून म्हणाला. "साहेब, पोट आहे की बटाट्याचं पोतं?"

"दोन माझी. दोन एबीची. एबीच्या आईला करता येत नाहीत."

"अरेरे," लेस म्हणाला. "बिचारी. पोलिसांत कळवायला हवं."

पोरगी हसली नाही, पण ओठ दाताखाली दाबून धरले. तेव्हापासून लेस तिला साहेब म्हणायला लागला. रोज संध्याकाळी विचारायचा, "काय साहेब, आजचा डबा पास की नापास?" आणि मिकेला विचार करून सांगायची, "केक पास. सफरचंद नापास."

ऑगस्टमध्ये कुंपणाकडची वॉटलची झाडं फुलांनी पिवळी झाली तोवर ती मर्लच्या शिवणाच्या टेबलाशी येऊन बसायला लागली होती. लेसनं तिच्यासाठी एक बुटकं स्टूल ठोकलं. सुईत दोरा ओवणं तिचं काम, कारण मर्लचे डोळे आता तेवढे साथ देत नव्हते. शर्ट अंगात असायचाच. एकदा दोरा ओवता ओवता ती सहज म्हणाली, "नॅन, हा घे." इथे आजीला नॅन म्हणतात. मर्लनं सुई घेतली आणि पुढचे टाके तिला नीट दिसले नाहीत.

सप्टेंबरात ब्रूक आली ती एक निराळंच बोलणं घेऊन.

"तिला आता पुन्हा हलवायचं नाही असं आमच्याकडे सगळ्यांचं मत आहे," ती म्हणाली. "मोठी होईपर्यंत एकाच घरात. तुम्ही तयार असाल तर इथेच. पण तिला विचारावं लागेल. ऑक्टोबरात मी येईन, तिला एकटीला विचारीन. तिनं हो म्हणायला हवं."

ब्रूक गेल्यावर लेसनं कपातला उरलेला चहा संपवला.

"ती अठराची होईल तेव्हा मी ऐंशीचा असेन, म्हातारे. मला चमच्यानं कोण भरवणार? ती की तू?"

"आधी तोंडात दात किती राहतात ते बघ, मग चमच्याचं."

"मी नाही म्हटलेलं नाहीये."

"मग काय म्हणतोयस?"

"तिच्या खोलीतली खिडकी वाजते वाऱ्यानं, ती बसवून घेतो, असं म्हणतोय," लेस म्हणाला आणि हातोडी शोधायला गेला.

इतक्या वर्षांत मुलं आली आणि गेली. फाटकापाशी हात हलवायचा, वळायचं, चादरी बदलायच्या, हे मर्लनं अंगवळणी पाडून घेतलं होतं. एकही राहावं असं तिनं मनात येऊ दिलं नव्हतं. आता ते आलं, आणि आल्यावर जाईना. कणीक मळताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, ती मनातल्या मनात पोरीची वर्षं पुढे ढकलत न्यायची. ही दहाची होईल, तेव्हा तिला काठ शिवायला शिकवीन. पंधराची होईल, तेव्हा ती मला उलटून बोलेल.

ब्रूक यायच्या आधी मिकेलाची गोधडी झाली पाहिजे असं तिनं ठरवलं. आतापर्यंतच्या गोधड्या निरोपाच्या होत्या, ही राहण्याची. आणि मधोमध काय लावायचं याचा तिला विचारसुद्धा करावा लागला नाही.

बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये शिवणाच्या बायका जमत. तिथे तिनं शेजारच्या ग्लेनिसला हळूच सांगितलं. ग्लेनिस म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण, तोंडाची फाटकी आणि मनाची चांगली.

"तिच्या आईचा शर्ट कापणार?" ग्लेनिसनं चष्म्यावरून बघितलं. "विचारलंस का पोरीला?"

"विचारून गोधडी करतात का कधी? तुझ्या नातवाला विचारली होतीस?"

"माझ्या नातवाची आई जिवंत आहे. रोज माझ्या नावानं खडे फोडते."

"माझ्या आईनं मला विचारलं नव्हतं, ग्लेनिस. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. आणि बाबांचं काहीच राहिलं नसतं माझ्याकडे."

ग्लेनिसनं चष्मा सारखा केला आणि पुन्हा सुई हातात घेतली. त्या वॅगाखाली लहानपणी तीही मर्लजवळ झोपलेली होती.

त्यात एक झालं. हवा तापली तशी मिकेलानं शर्ट घालणं सोडलं. आधी एक दिवस, मग रोज. शाळेत जाताना ती तो नीट घडी करून उशीखाली ठेवायची. मर्लनं ते बघितलं आणि तिचं काळीज हलकं झालं. पोर सोडायला लागली, तिला वाटलं. दुःख अंगावरून उतरायला लागलं. आता जर तो शर्ट असाच पडून राहिला, तर कोपराला विरलेला आहेच, कुठेतरी फाटेल, हरवेल, कसर लागेल. हीच वेळ आहे.

शाळेची बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तिनं उशी उचलली.

कापड आधी धुऊन घ्यायचं, नवं असो की जुनं. नाहीतर ते मागाहून आटतं, रंग सोडतं, आणि सगळी गोधडी वेडीवाकडी होऊन बसते. हा पहिला नियम मर्लच्या आईनं तिला शिकवला होता आणि मर्लनं हॉलमधल्या प्रत्येक नव्या बाईला. तिनं शर्ट कोमट पाण्यात हातानं धुतला, मशीनला नाही, कारण तो नाजूक झाला होता. पाणी तपकिरी झालं, मग करडं, मग स्वच्छ. तारेवर तो वाऱ्यात वाळला, समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात. इस्त्री करताना लाल रंग असा उजळला की तिलाच नवल वाटलं. मग पट्टी ठेवून तिनं त्याचे चौकोन कापले. खिसा अख्खा ठेवला, मुलीला त्यात काही ठेवता येईल म्हणून. चौकोन तिनं मिकेलाच्या तोकड्या पायजम्याच्या निळ्या तुकड्यांना जोडले, आणि दुपारपर्यंत वरचा थर टेबलावर पसरून तयार होता. तिला तो आजवरच्या सगळ्या गोधड्यांत देखणा वाटला. भट्टीत जॅमची बिस्किटं होती. घरभर लोण्याचा आणि इस्त्रीचा वास होता. मर्ल त्या दुपारी सुखी होती. नंतर तिला तेच सगळ्यात जास्त टोचायचं.

मिकेला बसमधून उतरली, दप्तर टाकलं, डबा ओट्यावर ठेवला. रिकामा. खोलीत गेली आणि परत आली.

"शर्ट कुठेय?"

काठ शिवायचा राहिला होता, पण मर्लला धीर धरवेना. "इकडे ये," ती म्हणाली. "बघ."

पोरीनं टेबलाकडे पाहिलं. मग पुढे वाकून तिनं एका लाल चौकोनावर नाक टेकलं. मग दुसऱ्यावर. सगळे चौकोन ती एकामागून एक हुंगत गेली, जनावर हुंगतं तशी, डोळे मिटून. शेवटी खिशात नाक घातलं.

"गेला," ती म्हणाली.

"काय गेलं, राणी? सगळं आहे बघ. हा खिसा बघ, ही बटणं मी—"

"तिचा वास होता." आवाज चढलेला नव्हता. एखाद्या मंद माणसाला समजावून सांगावं तशी ती सांगत होती. "रोज घातला की संपतो. म्हणून मी ठेवला होता. थोडा थोडा घ्यायला."

मर्लनं वाकून खिसा हुंगला; नुसता साबणाचा वास आला.

"परत कर," मिकेला म्हणाली.

"अं?"

"याचा परत शर्ट कर."

ती ओरडली असती, मर्लला मारलं असतं, तर काही करता आलं असतं. ओरडणारी मुलं मर्लनं मांडीवर घेऊन शांत केली होती. मिकेला स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून, आणि वाट बघत राहिली, जणू मर्ल आता लगेच तो शर्ट करून देणारच आहे.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेल्यावर मर्लनं सगळं उसवलं. निळं वेगळं, लाल वेगळं. मग चौकोन टेबलावर मांडून, चौकड्यांच्या रेघा जुळवत जुळवत, तिनं पुन्हा शर्ट शिवला. लेस दारात येऊन उभा राहिला आणि निघून गेला. तिनं आयुष्यात एवढं बारीक काम केलं नव्हतं. पण प्रत्येक शिवण दोन्हीकडचं थोडं थोडं कापड आत घेते, आणि आत गेलेलं बाहेर काढता येत नाही. बाह्या आखूड झाल्या, खांदे आक्रसले. शेवटचं बटण लावून तिनं शर्ट उभा धरला तेव्हा तो मोठ्या बाईचा राहिला नव्हता. एका क्षणापुरतं, वेड्यासारखं, तिला वाटलं, बरंच झालं की. आता पोरीला नीट बसेल.

मिकेलानं तो घातला. हातांवर बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या. तिनं खाली बघितलं.

"हा माझ्या मापाचा आहे," ती म्हणाली. "तिच्या नाही."

तिनं तो काढून घडी केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, मर्लनं शिकवली होती तशी, आणि शिवणाच्या टेबलावर ठेवला.

त्या दिवसापासून डबा पुन्हा भरलेला यायला लागला. या वेळी उशीच्या अभ्र्यात चुराही नव्हता. मर्लनं जॅमची बिस्किटं केली, आल्याचा केक केला, लोण्यात घोळवून छोटे पाव केले. मिकेला डबा न्यायची आणि जसाच्या तसा आणायची, झाकणसुद्धा न उघडता. घरी ती सालासकट उकडलेला बटाटा स्वतः सोलून खायची, सफरचंद खायची, ज्याला मर्लचा हात लागलेला नसेल ते. शाळेतून बाईंचा फोन आला, पोर दुसऱ्या मुलांचं उरलेलं खाते म्हणून.

"साहेब," लेस एका संध्याकाळी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, आणि त्या गुडघ्यांना ते परवडणारं नव्हतं. "ऐक माझं. नॅननं मुद्दाम नाही केलं. तिच्या आईनं तिच्यासाठी असंच केलं होतं. तिला वाटलं तुला आवडेल."

"मला माहितीये," मिकेला म्हणाली.

"मग?"

पोरीनं खांदे उडवले. तिला खरंच ठाऊक होतं. त्यानं काही फरक पडत नव्हता, एवढंच.

शेवटी ग्लेनिसनंच सुचवलं. "दुकानातलं देऊन बघ."

मर्लनं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी असती तर उठून गेली असती.

"बघतेस काय माझ्याकडे? पोर उपाशी आहे. तुझं नाक मोठं की तिचं पोट?"

मर्ल ओळखीच्या दुकानात गेली नाही. लेसला गाडी काढायला लावून खालच्या गावातल्या मोठ्या दुकानात गेली, रंगीत कागदातली बिस्किटं, केक, प्लास्टिकमधलं चीज घेतलं, आणि वर कोबी ठेवून पिशवी झाकली. परतताना लेस एकदा म्हणाला, "चोरी करून आल्यासारखे निघालोय आपण." पण त्यालाच हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात नुसते रिकामे कागद आले.

मग मर्लनं रोज तेच दिलं. कागद तिनं कचऱ्यात खाली दाबून टाकले. रविवारी ती सवयीनं भट्टी लावायची आणि फळीवरचे डबे भरायची. लेस एकटा खाऊन खाऊन किती खाणार? जुनं झालेलं ती कोंबड्यांना टाकायची.

ब्रूक आली तेव्हा शेतांत बटाट्याची लावणी चालली होती. तिनं मिकेलाला बाहेर नेलं. दोघी कुंपणाशी उभ्या राहून बोलल्या. बोलणं फार लांबलं नाही. मर्ल खिडकीतून बघत होती, खिडकीपासून दूर हो म्हणून लेस सांगत होता, आणि तोही बघत होता.

ब्रूक एकटीच आत आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तिला जायचंय, मर्ल."

लेस समोरच्या खुर्चीत बसला.

"मी खूपदा विचारलं. ती म्हणते, इथे सगळे चांगले आहेत. पण इथे माझी वस्तू कापतात."

"कापतात?" लेस ताडकन उठला. "त्या पोरीसाठी हिनं डोळे फोडले टेबलावर! जाऊन सांग तिला—"

"लेस," मर्ल म्हणाली. "बस खाली. खरंय ते."

"खरं काय खरं?"

"वस्तू तिची होती. मी कापली."

ब्रूकचे डोळे भरले होते. तिला या कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. "तुम्ही म्हणालात तर मी थोडं लांबवू शकते. महिनाभर. कदाचित तिचं मन—"

मर्लनं महिनाभराचा विचार केला. रोज सकाळी डब्यात ते रंगीत कागद भरायचे. रोज संध्याकाळी पोरीला बटाटा सोलून खाताना बघायचं, आणि पोरीला मर्लच्या हातांकडे बघताना बघायचं. मिकेला आता कात्री दिसली की खोलीत निघून जायची.

"नको," ती म्हणाली. "तिनं सांगितलंय ना."

मिकेला गेली ती एका शनिवारी, लॉन्सेस्टन शहराकडच्या एका कुटुंबात. मर्लनं एक चांगली चामडी पिशवी विकत आणून ठेवली होती, कपडे कचऱ्याच्या पिशवीतून जाऊ नयेत म्हणून. पोरीनं ती घेतली. लेसनं हात पुढे केला तेव्हा तिनं गंभीरपणे हातात हात दिला, साहेबानं द्यावा तसा. मर्लसमोर ती थोडी थांबली. काहीतरी म्हणावं असं तिला वाटत असावं; चेहऱ्यावर ते येऊन गेलं. मग ती गाडीत जाऊन बसली आणि पट्टा स्वतःच लावून घेतला.

चादरी बदलायला मर्ल खोलीत गेली, तर तिनं पिशवीत भरलेला तो आखूड शर्ट पलंगावर होता, घडी केलेला. लेसनं त्याचं काय करायचं म्हणून विचारलं. मर्लला सांगता येईना. टाकायचा तर टाकवत नव्हता, आणि कापून कशात लावायचा म्हटलं तर हातच पुढे होत नव्हता. तो तिथेच राहिला. खोलीचं दार तिनं लोटून घेतलं.

बुधवारी ती हॉलमध्ये गेली नाही. पुढच्या बुधवारी ग्लेनिस घरी आली, कापडाच्या चिंध्यांची पिशवी घेऊन.

"इस्पितळातल्या बाळांसाठी दुपटी करतोय. छोटी आहेत. तू नुसतं कापून दे, शिवतो आम्ही."

"मी कापत नाही आता."

"मर्ल, अगं, एक चूक—"

"चूक नव्हती ती, ग्लेनिस." मर्ल तिच्याकडे न बघता बोलत होती. "चूक असती तर पुढच्या वेळी टाळता आली असती. मला जे सगळ्यात चांगलं येत होतं तेच मी केलं. आईनं केलं तसंच, पायरी न पायरी. उद्या दुसरं पोर आलं तर मला दुसरं काय येतं?"

ग्लेनिसनं चिंध्यांची पिशवी खुर्चीखाली सरकवली. तिनं चहा घेतला. मर्लनं पुढे केलेल्या बशीतलं एक बिस्कीट उचललं, आणि ते खाल्लं, आणि छान झालंय म्हणाली. ते छानच झालं होतं.

डिसेंबराच्या सुरुवातीला ब्रूकचा फोन आला. मिकेला बरी आहे, वजन वाढलंय, तिकडे एक कुत्रा आहे, रात्री त्याच्यापाशी झोपते. मर्ल ऐकत होती आणि हो हो म्हणत होती. तिला खरोखर बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याखाली काही उरलं नव्हतं.

"मर्ल, मी दुसऱ्याच कामासाठी फोन केलाय," ब्रूक म्हणाली. "एक मुलगी आहे, दोन वर्षांची. आज संध्याकाळपासून. दोनच रात्री. सगळीकडे विचारून झालं, कुणाकडे जागा नाही."

"तिच्याबरोबर काय आहे?"

"कपडे का? पिशवी आहे एक."

"कपडे नव्हे. धरून ठेवलेलं काही."

ब्रूक थांबली. "हो. एक पांघरूण आहे. सोडतच नाही हातातून. इतकं मळलंय, तुम्ही एकदा धुऊन—"

"नको," मर्ल म्हणाली. "माझ्याकडे नको पाठवू."

"दोनच रात्री, मर्ल. दुसरं कुणी नाहीये खरंच."

"मला कळतंय, बाळा," मर्ल म्हणाली आणि फोन खाली ठेवला.

लेस मागच्या दारातून आत आला, हात कोपरापर्यंत लाल मातीनं माखलेले.

"कोण होतं?"

"ब्रूक. पोर होती एक, दोन वर्षांची."

"कधी येतेय?"

"येत नाही," मर्ल म्हणाली. लेस बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला.